देवाचे मासे आणि धुरपताची चिलापी

१

सोमवारी सकाळी चंद्रप्पा मुठीत मुरमुरे घेऊन महादेवाच्या बारवेच्या पायऱ्या उतरले. मुरमुरे टाकून उभे राहिले, तर एक तोंड वर आलं नाही. त्यांनी चुटकी वाजवली, टाळी वाजवली, महादेवाचं नाव घेतलं. मुरमुरे हिरव्या पाण्यावर तसेच तरंगत राहिले. मग चंद्रप्पा ओरडत वर आले, आणि चंद्रप्पा ओरडले म्हणजे कौळगावात कुणाचीही झोप राहत नाही.

मी शिवमूर्ती. देवळासमोर माझं किराणा दुकान हाय. देवस्थानच्या पंचांत चंद्रप्पा मोठे आणि मी धाकटा, म्हणजे सतरंजी घालायला आणि चहा सांगायला मी. पण मासे गेले म्हटल्यावर मीही दुकान उघडं टाकून बारवेकडं पळालो, ते खोटं कशाला सांगू? आम्ही लिंगायत माणसं, घरात अंडंसुद्धा येत नाही, पण त्या माशांना आम्ही पोरांसारखं खाऊ घातलंय. नवी सून आली की आधी बारवेवर, पोराला दात आला की बारवेवर. त्यांना हात मात्र कुणी लावायचा नाही, हा पक्का नियम. एखादा मेला तरी पुजारी मलप्पा पितळी झाऱ्यानं काढून, बेलाच्या पानांत झाकून पुरून टाकतो.

त्यात हा दुष्काळ. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले होते आम्ही, म्हटलं आता सरकार जवळ आलं. सरकार आलं खरं, पण टँकर होऊन आलं. रविवारी दुपारी टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन वेशीबाहेर. बारवेत गुडघाभर पाणी उरलेलं. त्या गुडघाभर पाण्यातूनही मासे नाहीसे झाले.

तेवढ्यात बाजारातून कुणी बातमी आणली. धुरपताबाई आज कधी न पाहिलेले मासे घेऊन बसली होती.

२

धुरपताबाई भोयाची बाई, कुठून कुठून मासे आणून दर सोमवारी बाजारात विकायची. ती बसायची नेमकी माझ्या दुकानाच्या तोंडाला. वासावरून आमचं दर सोमवारी वाजायचं. मी म्हणायचो, सरक जरा. ती म्हणायची, मालक, तुमच्या हिंगाच्या वासाचं नाव मी काढते का कधी?

त्या दिवशी तिच्या गोणपाटावर वेगळेच मासे होते. रुंद अंगाचे, काळपट, पाठीवर पंखा उभारल्यासारखे. असा मासा गावानं बघितलेला नव्हता. चंद्रप्पा टोपलीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "हीच ती काळी पाठ. देवाचे मासे इकून राहिली ही."

"काळी पाठ म्हशीची बी असती," धुरपता म्हणाली. "देगलूरहून आणलेत मालक. तिकडं आंध्रातल्या तलावाचे हायत. चिलापी म्हणत्यात."

"चिलापी? आजवर कधी ऐकलं न्हाई ते."

"तुम्ही कुठल्या माशाचं नाव ऐकलंय?"

हे बोलायला नको होतं. चंद्रप्पांचा आवाज चढला. तिचं गोणपाट उचलायला लावलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, पुढच्या सोमवारी पंचांसमोर हिचा निकाल लावू. मासे सापडले नाहीत तर कौळगावच्या बाजारात ही पुन्हा बसणार नाही, वर देवणीला पोलिसात नाव देऊ.

धुरपतानं गोणपाट गुंडाळलं. टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराबाहेर चालायला लागली. नदीनाले आटलेले, आसपासचे बाजार बंद पडलेले. हा एक बाजार गेला तर ही बाई खाणार काय, हे मलाही कळत होतं. वासाचं भांडण वेगळं आणि हे वेगळं.

दुकानात आलो तर आमची अक्का बसलेली. पार्वतम्मा, माझी थोरली बहीण. नवरा वारल्यापासून माझ्याकडंच असते. गावात कुणाची गळ्यातली चांदीची लिंगडबी हरवो की कोंबडं, लोक आधी तिच्याकडं येतात. ती कुठं जात नाही, काही नाही. नुसतं विचारते. समोरचा बोलत बोलत आपल्याच पायात पाय अडकवून पडतो.

"शिवू," अक्का म्हणाली, "त्यातला एक मासा घेऊन ये."

"मी?"

"मग काय चंद्रप्पाला पाठवू?"

३

बाजाराबाहेर जाऊन धुरपताला गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा मासा विकत घेत होतो, भावसुद्धा विचारला नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग एक मासा पुढं केला. मी पाठीवरून धरायला गेलो आणि बोटात काटा घुसला. ती म्हणाली, "डोक्याकडून धरा मालक. पाठीवर टाचण्याच हायत त्याच्या."

मासा स्टीलच्या डब्यात घातला. घरात न्यायची सोय नव्हती. बायको उमाबाई दारातच उभी राहिली आणि म्हणाली, डबा आत आला तर मी माहेरी. डबा तर कायमचा घराबाहेर गेलाच. शेवटी दुकानामागच्या लिंबाखाली बसलो. धुरपताही मागोमाग आली. बारवेकडून मलप्पा पुजारी रिकामी कळशी घेऊन चालला होता, तोही थबकला. म्हातारा एरवी दिवसाला चार शब्द बोलत नाही.

माझ्या बोटातलं रक्त बघून तो पुटपुटला, "ह्ये आमचे न्हाईत. आमचे टोचत न्हाईत." आणि गेला निघून.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान एक माणूस तरी धुरपताच्या बाजूनं बोलला.

अक्कानं पदर नाकाला लावला, लिंबाची काडी घेतली आणि माशाचं तोंड उघडलं. बराच वेळ बघत राहिली.

"शिवू, ह्याच्या तोंडात बघ."

आत मोहरीपेक्षा मोठे पिवळे दाणे गच्च भरलेले होते. मी म्हटलं, "कुणाची तरी अंडी खाल्लीत मेल्यानं."

"खाल्ली न्हाईत," धुरपता म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "मादी हाय ती. सोताचीच अंडी हायत. चिलापी पोरं तोंडात वाढवती. पाणी सोडलं तरी तोंड उघडत न्हाई. तितके दिवस उपाशी राहती बिचारी. बघणाराला वाटतंय गिळलं."

अक्का काडी हातात धरून तशीच बसली. मग म्हणाली, "आता देवाच्या माशाचं तोंड कसं होतं ते विचारायला पाहिजे."

४

संध्याकाळी चंद्रप्पा दुकानात आले. अक्कानं हात जोडून शरणार्थ केलं, चहा दिला आणि विचारलं, "अण्णा, आपल्या माशांचं पोट कसल्या रंगाचं होतं?"

"पोट? पांढरं."

मी म्हटलं, "पिवळं."

उमाबाई आतून म्हणाली, "तांबूस असंल."

तिघांची तीन उत्तरं. इतकी वर्षं खाऊ घातलं, पण पायरीवर उभं राहून. हिरव्या पाण्यातली काळी पाठ सोडली तर आम्ही काही बघितलंच नव्हतं. आडवा पडलेला देवाचा मासा कसा दिसतो, हे कौळगावात कुणालाच ठाऊक नाही. आणि आम्ही पाठ बघून एका बाईला चोर ठरवलं होतं.

"बरं, तोंड?" अक्कानं विचारलं.

चंद्रप्पांचा चेहराच बदलला. "तोंड कसं न्हाई ठाऊक? बारीक, खालच्या अंगाला. ओठाला झालर असती. मुरमुरा ओढून घेतो तर वाटतंय लेकरू पितंय. दात न्हाई काही न्हाई. आमचा थोरला मासा हाय ना, त्याचा ओठ एका बाजूला फाटलाय, तो आधी आपल्यापाशी येतो." मग त्यांना आठवलं की तो आता येणार नाही, आणि ते कप खाली ठेवून बसले.

अक्कानं त्यांना लिंबाखाली नेलं आणि डबा उघडून दाखवला. झालर नव्हती. तोंड वरच्या अंगाला, ओठाआत बारीक खरखरीत दात.

"ह्यो आपला न्हाई," शेवटी ते म्हणाले. "पण म्हणून काय झालं? आपले इकले असतील तिनं देगलूरला आणि बदल्यात हे आणले. मासे सापडल्याबिगर मी बदलणार न्हाई." डोळे पुसत पुसत हे बोलत होते, पण हट्ट तोच.

ते गेल्यावर दुकानात मी अक्काला म्हटलं, "मला तर टँकरवाल्या दगडोबाचा संशय येतो. मासे खाणारा माणूस. आणि गाडीत पाण्याची टाकी."

"रविवारी दुपारी दगडोबा नळी धरून सगळ्या गावाच्या शिव्या खात होता," अक्का म्हणाली. "सगळं गाव साक्षीला होतं. सकाळी मासे होते, गेले ते तेव्हाच. एरवी रात्रीसुद्धा ओट्यावर माणसं निजलेली असतात, टँकर येतो तेवढ्या वेळातच बारवेवर चिटपाखरू नसतं."

तेवढ्यात भीमनगरच्या केरबाची सून पंचशीला आली. शाळेत बाई हाय ती, तोंडभर बोलणारी. "जय भीम काका," म्हणाली आणि मुरमुऱ्याची मोठी पिशवी मागितली.

मी खूश झालो. मासे गेल्यावर माझे मुरमुरे कोण घेणार, ही चिंता लागलीच होती. म्हटलं, "पोरांना चिवडा का?"

"हाव, पोरांना," ती म्हणाली, आणि एरवी ताजे-शिळे बघून घेणारी बाई न बघताच निघाली.

अक्का तिच्या पाठीकडं बघत राहिली.

५

दुसऱ्या दिवशी अक्का बारवेवर आली. हे नवलच, कारण गुडघ्यांमुळं ती पायऱ्या उतरत नाही. वरच्या कट्ट्यावरच फिरली, मग देवळाच्या मागच्या दाराकडं गेली. तिकडून फारसं कुणी जात नाही. धुळीत बैलगाडीची चाकोरी होती आणि चाकोरीच्या मधोमध बारीक बारीक खळगे, थेंब पडून सुकलेले.

"देवळाची पिपाची गाडी," मी म्हटलं. "मलप्पा टँकरचं पाणी आणतो देवळाला. सांडलं असंल."

"बैलांच्या खुरांकडं बघ. कुठं तोंड हाय?"

खुरं देवळाकडून बाहेर गेलेली होती. थेंबही तिकडंच, देवळापाशी दाट आणि पुढं विरळ. माझ्या डोक्यात काही शिरेना.

अक्का कट्ट्यावर बसली. "शिवू, ह्या दुष्काळात पाणी देवळाकडं येतं. ही गाडी भरून देवळातून बाहेर गेली. बारवेतलं गढूळ पाणी कोण कशाला नेईल? पाण्यात काही असंल तरच नेईल. विकायला न्यायचे असते तर गोणी पुरली असती. पिपात पाण्यासकट नेले, म्हणजे जितेच न्यायचे होते."

"मलप्पानं?"

"तुझ्या बोटातलं रक्त बघून तो काय म्हणाला?"

"आमचे टोचत न्हाईत."

"मेलेला झाऱ्यानं काढतात. जित्याला कुणी हात लावायचा न्हाई. मग टोचतो का न टोचतो, हे त्याला कसं कळलं?"

मी खालीच बसलो. इतकं साधं वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं.

"त्यानं पंचांना किती वेळा हात जोडले, तू होतास की," अक्का म्हणाली. "पाणी आटून राहिलं, मासे हलवू द्या म्हणून. चंद्रप्पा काय म्हणाले?"

ते मला आठवत होतं. देवाचे मासे देवाच्याच पाण्यात राहतील, बाहेर गेले तर कोप होईल. आणि मीही मान हलवली होती, कारण चंद्रप्पांपुढं दुसरं काही हलत नाही.

"आता गावात पाणी धरून असलेली विहीर कुठं हाय?"

एकच होती. भीमनगरात, केरबाची. टँकर चुकला की तिथून पाणी आणणारे आमच्यातही होते, पण तोंड लपवून. देवाचे मासे तिथं ठेवू म्हटलं असतं तर पंचांनी काय केलं असतं, ते मलप्पाला पक्कं ठाऊक होतं.

"आणि पंचशीलाचे मुरमुरे," मी म्हटलं.

"आलं का ध्यानात."

मी उठलोच. "चल अक्का, चंद्रप्पांना सांगू. धुरपता सुटली."

अक्कानं माझं धोतर धरून खाली बसवलं. "आपण सांगितलं तर मलप्पा चोर ठरतो. केरबाच्या दारात गाव काठ्या घेऊन जाईल. हे त्याच्याच तोंडातून यायला पाहिजे. तेवढा चांगुलपणा त्याच्यात हाय. टोचत न्हाईत, हे त्यानं धुरपतासाठीच म्हटलं. बाकीचं घशात अडकलंय."

देवळातून मलप्पा बाहेर आला, आम्हाला चाकोरीपाशी बघून जागीच उभा राहिला. अक्का त्याला एवढंच म्हणाली, "मलप्पाअण्णा, त्या चिलापीचं ऐकलं का? पोरं तोंडात घेऊन उपाशी राहती. पोरं सुरक्षित झाली की उघडती म्हणं तोंड. मला त्या बाईची काळजी वाटती, सोमवारी तिचा निकाल हाय."

म्हातारा वळून आत गेला. मला वाटलं, अक्काची ही पहिली चूक.

६

सोमवारी पंच देवळाच्या ओट्यावर बसले. सतरंजी मीच घातली. धुरपता टोपली घेऊन आली होती, वर ओलं गोणपाट. म्हणाली, "निकाल काय लागायचा तो लागू द्या, माल काय थांबत न्हाई."

चंद्रप्पांनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. मी अक्काकडं बघत होतो आणि अक्का जमिनीकडं. चंद्रप्पा घसा साफ करून बोलणार, तेवढ्यात मागून मलप्पाचा आवाज आला.

"मी नेले."

सगळ्यांच्या माना वळल्या. म्हातारा खांबाला धरून उभा होता. "बाईचा काय बी संबंध न्हाई. मासे मी नेले. हातानं उचलले. नियम मोडला. उन्हानं पाणी तापलं होतं, आडवे पडत होते, वर तोंडं काढून धापा टाकत होते. तुम्ही सगळे टँकरवर. मला बघवलं न्हाई."

"कुठं नेले?" चंद्रप्पांचा आवाज बारीक झाला होता.

"केरबाच्या हिरीत."

एक पंच काही म्हणायला उठला, तर चंद्रप्पांनी हात वर करून त्याला बसवलं. "जिते हायत का?" त्यांनी विचारलं.

"हायत."

"थोरला?"

"तो बी हाय."

चंद्रप्पा उठले आणि चपला न घालताच चालायला लागले. मागं आम्ही, आमच्या मागं अख्खा बाजार. भीमनगराची वाट मला ठाऊक होती आणि चंद्रप्पांना नव्हती, प्रत्येक वळणावर ते माझ्याकडं बघायचे. केरबा विहिरीपाशी उभा होता, हाताची घडी घालून, एवढा लोंढा बघून जरा घाबरलेला, पण वाट अडवून. पंचशीला त्याच्या शेजारी होती.

"मलप्पानं हात जोडले म्हणून ठेवून घेतले," केरबा म्हणाला. "पाणी प्यायचं हाय आमचं, तरी ठेवले. आता न्यायचे तर न्या. पण त्या डबक्यात न्हेऊन मारू नका."

"न्यायला न्हाई आलो," चंद्रप्पा म्हणाले. "बघू तरी दे."

केरबा बाजूला झाला. चंद्रप्पा काठावर वाकले. पाणी फार खाली नव्हतं, पण खोल आणि काळं, काही दिसत नव्हतं. त्यांनी सवयीनं मूठ पुढं केली, तर मूठ रिकामी. घाईत मुरमुरे आणलेच नव्हते.

पंचशीलानं सुपातले मुरमुरे पुढं केले. सूप त्यांच्या पुढं, आणि ते सुपाकडं बघत उभे. ज्या माणसानं भीमनगरातल्या हातचं कधी पाणी घेतलं नाही, त्याच्याकडं सगळं गाव बघत होतं. मग चंद्रप्पांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तिच्यापुढं धरली. पंचशीलानं ती भरून दिली.

मुरमुरे पाण्यावर पडले. जरा वेळ काहीच नाही. मग खालून एक तोंड आलं, झालरीचं, एका बाजूला ओठ फाटलेलं, आणि त्यानं मुरमुरा ओढून घेतला. त्याच्या मागोमाग बाकीची आली. धुरपता काठावरून वाकून म्हणाली, "रोहू हायत की. चांगले पोसलेत."

चंद्रप्पा रडत होते आणि लपवतही नव्हते. मलप्पाचा हात धरून म्हणाले, "मला एकट्याला तरी सांगायचं."

"तुम्हालाच तर सांगत होतो," मलप्पा म्हणाला.

चंद्रप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. ते केरबाकडं वळले. "पाऊस पडून बारव भरंपर्यंत राहू देशील का? मी रोज सकाळी येईन."

"या," केरबा म्हणाला. "पण मुरमुरे तुमचे आणा. सुनेचा पगार सगळा ह्यांच्या तोंडात चाललाय."

लोक हसले. मग चंद्रप्पांना धुरपताची आठवण झाली. तिच्यापुढं जाऊन उभे राहिले, या माणसाला माफी मागायची सवय नाही, ते नुसते उपरण्याचं टोक पिळत होते. शेवटी म्हणाले, "बाई, चुकलो मी. तू बाजारात बसत जा. पुढच्या सोमवारपासून तुला कुणी काही म्हणणार न्हाई."

"पुढच्या कशाला मालक?" धुरपता म्हणाली. "आज बी सोमवारच हाय. माझी टोपली देवळापाशी उन्हात ठेवून आले मी."

असं म्हणून ती पळत सुटली. मीही मागोमाग निघालो. देवळापाशी पोचलो तर तिनं गोणपाट अंथरायला घेतलं होतं, नेहमीच्या जागेपासून बरंच लांब, भर उन्हात. मी दुकानाच्या पत्र्याखालची पोती ओढून आत घेतली, तिला सावलीत जागा करून दिली, आणि म्हटलं, इथं बस.